आडवा बोअर कुठे जातो?

हुडकेश्वरच्या एखाद्या लेआउटमध्ये रात्री बोअरची गाडी लागली की सगळ्या गल्लीची झोप गेलीच म्हणून समजा. गाडी पुष्कळदा तामिळनाडू पासिंगची असते. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोड हे गाव देशभर बोअरच्या गाड्या पाठवतं, त्यातल्या काही विदर्भातही फिरतात. कंप्रेसर गुरगुरायला लागतो, दाबाची हवा रॉडमधून खाली जाते आणि टोकाचा हातोडा खडक कुटत सुटतो. भोकातून आधी कोरडी राखाडी धूळ उडते, मग तिचा रंग गडद होतो, मग चिखल येतो आणि घरमालकाचं नशीब असेल तर पाण्याचा फवारा. मालक बाजूला उभा राहून रॉड मोजत असतो. एक रॉड वीस फुटांचा, दहा उतरले की दोनशे फूट. बिल फुटावर असतं, त्यामुळे मोजणीत कुणी चुकत नाही.

हा हिशेब सोपा असतो, कारण बोअर उभा असतो. जिथे भोक दिसतंय त्याच्याच खाली तो गेलाय, असं सगळेच धरून चालतात.

हुडकेश्वर आणि शेजारचं नरसाळा ही गावं २०१३ साली नागपूर महापालिकेत आली. त्याआधी ती ग्रामपंचायतीची गावं होती आणि म्हाळगीनगर चौकापलीकडे शहर संपल्यासारखं वाटायचं. मग शेतांचे प्लॉट झाले, धुरे पुसले गेले, काही विहिरी बुजल्या, काही जाळी टाकून कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये उरल्या. नळ येईपर्यंत टँकर आणि बोअर हेच दोन आधार होते. पण तिथून उमरेड रोडने थोडं पुढे गेलं की शेतं लागतात, शेतात विहिरी लागतात आणि त्या विहिरींमध्ये या बोअरचा एक वेगळाच भाऊबंद भेटतो: आडवा बोअर.

त्याचं काम उन्हाळ्यात चालतं. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर लावून ती कोरडी करतात. दोरखंडाने एक छोटं यंत्र आत सोडायचं, ते विहिरीच्या भिंतीशी घट्ट बसवायचं आणि रॉड जमिनीला समांतर असा भिंतीत घुसवायचा. रॉडला रॉड जोडत भोक वाढत जातं. कधी काही फुटांवर थांबतं, कधी शंभरेक फुटांपर्यंत जातं. एका बाजूला काही लागलं नाही तर यंत्र फिरवून दुसरी बाजू धरतात. काठावर घरची माणसं, शेजारी आणि दिशा सांगणारा पाणाड्या वाकून बघत असतात. शीर लागली की काळ्या भिंतीतून मनगटाएवढी किंवा करंगळीएवढी धार सुटते आणि खालचा मजूर वर न बघताच ओरडतो.

सरकारी कागदावर याला ‘इनवेल बोअरिंग’ म्हणतात. विहिरीच्या तळात मारलेला उभा बोअरही त्याच नावाखाली येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नवी विहीर आणि जुन्या विहिरीची दुरुस्ती यांच्या जोडीला हा वेगळा घटक ठेवला गेला आणि त्याला सुरुवातीला २०,००० रुपयांपर्यंत अनुदान होतं. शेतकरी मात्र ‘आडवे बोअर मारले’ एवढंच म्हणतो. जगभरच्या तेल कंपन्यांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ज्या तंत्रावर अब्जावधी डॉलर लावले, त्याची मूळ कल्पना या दोन शब्दांत पूर्ण येते.

ही कल्पना चालते ती खडकाच्या स्वभावामुळे. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनलेला आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठण्याजवळ २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर घेतला, तेव्हा हा थरांचा ढीग तिथे १,२४७ मीटर जाड निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. नागपूर या पठाराच्या पूर्वेच्या कडेवर बसलंय. इथे हे थर पातळ होत संपतात आणि पलीकडे जुने खडक सुरू होतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात टाकळीच्या परिसरात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेले जीवाश्म गोळा केले, ते याच कडेवर. आज त्याचं नाव हिस्लॉप कॉलेजमुळे माहीत आहे, दगडांमुळे फारसं नाही.

घट्ट काळ्या फत्तरात पाणी मुरत नाही. ते राहतं थराच्या वरच्या सच्छिद्र भागात, ज्याला भूजलवाले ‘मांजऱ्या’ म्हणतात, दोन थरांच्या सांध्यात आणि खडकाच्या भेगांमध्ये. सांधा आडवा असतो, भेगा बहुतेक उभ्या असतात. उभा बोअर आडव्या सांध्याला एकाच बिंदूत छेदतो आणि त्याच्या हातभर बाजूने गेलेली उभी भेग तर त्याला सापडतच नाही. आडवा बोअर सांध्याच्या पोटातून सरकत जातो आणि वाटेत येणाऱ्या चार भेगा कापतो. पाण्याच्या जागी तेल ठेवा, तरी गणित हेच राहतं.

विहिरीत उतरलेलं ते यंत्र नवं आहे, पण जमिनीखाली आडवं जाऊन पाणी आणायचं काम मराठी मुलखात चारशे वर्षांपासून चालत आलंय. मलिक अंबरने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे नहर-ए-अंबरी खोदवली, ती सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी किंचित उताराच्या भुयारातून गावात यायचं, पंप नाही आणि मोटही नाही. खानदेशाच्या शिवेवरच्या बऱ्हाणपुरात १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी तिथेही असंच आडव्या भुयाराने आणलं गेलं. दोन्हीकडे ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या आहेत. खोदताना हवा आणि उजेड मिळावा, गाळ वर काढता यावा, हा त्यांचा उपयोग. पण त्यांनी आणखी एक काम केलं, ते सहसा कुणी मोजत नाही. भुयार कुठून कुठे गेलंय, ते कुंड्यांच्या ओळीमुळे वरून चालणाऱ्या कुणालाही दिसतं. बऱ्हाणपुरात अशा शंभरेक कुंड्या रांगेत उभ्या आहेत. जमिनीखालचा रस्ता जमिनीवर लिहून ठेवायची ही पद्धत पुढे तेलवाल्यांना फार महागात शिकावी लागली.

तेलाची विहीर सुरू झाली ती उभीच. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकने घेतलेल्या बोअरला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. आज नागपुरात घरच्या बागेसाठी घेतलेला बोअरही त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जातो. पुढची साठ-सत्तर वर्षं तेलवाले फक्त खोली मोजत राहिले. १९२० च्या दशकात ओक्लाहोमातल्या सेमिनोल भागात विहिरी दाटीने झाल्या आणि एक विचित्र गोष्ट उघडी पडली. सरळ समजलेल्या विहिरी सरळ नव्हत्याच. रॉड लांब झाला की उसासारखा वाकतो, कठीण थराला घासून बाजूला सरकतो. काही विहिरींची बिटं, म्हणजे खोदणारी टोकं, तर शेजारच्या विहिरीच्या वाटेत जाऊन पोचली होती.

मग मोजमाप सुरू झालं. पहिली युक्ती खाणवाल्यांकडून उसनी घेतली होती: काचेच्या बाटलीत तीव्र आम्ल भरून ती विहिरीत सोडायची, काही वेळ तशीच राहू द्यायची आणि वर काढून बघायची. आम्लाची पातळी काचेवर रेघ कोरते आणि रेघेचा कल म्हणजे विहिरीचा कल. बोअर किती कलला हे त्यातून कळायचं, पण कुठल्या दिशेने कलला हे कळायचं नाही. दिशा सांगणारी होकायंत्राची छोटी कॅमेरा-उपकरणं त्यानंतर आली आणि त्यात जॉन ईस्टमन याचं नाव मोठं झालं. १९३३-३४ मध्ये टेक्सासच्या कॉन्रो इथे एक विहीर फुटून बेफाम झाली होती. ईस्टमनने दूर सुरक्षित जागेवरून तिरकी विहीर घेतली, ती फुटलेल्या विहिरीच्या तळाशी नेली आणि तिथून पाणी दाबून तिला आवरलं. वाकडी विहीर हा तोवर अपघात मानला जायचा. कॉन्रोनंतर ते कसब झालं.

कसब आलं की त्याचा दुसरा उपयोगही लगेच सुचतो. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचला किनाऱ्यावर उभं राहून समुद्राखालचं सरकारी तेल तिरक्या विहिरींनी उपसल्याची प्रकरणं १९३० च्या दशकात गाजली. त्याहून मोठा तमाशा पूर्व टेक्सासमध्ये झाला. तिथलं तेलक्षेत्र जगातल्या सर्वांत श्रीमंत क्षेत्रांपैकी एक, आणि त्याच्या कडेच्या कोरड्या जमिनीतल्या काही विहिरी मात्र आटायचं नाव घेत नव्हत्या. १९६२ साली चौकशी झाली, विहिरींमध्ये उपकरणं सोडून कल मोजले गेले, तेव्हा साडेतीनशेहून अधिक विहिरी मुद्दाम तिरक्या घेतलेल्या सापडल्या. वर स्वतःचा प्लॉट, खाली शेजाऱ्याचं तेल! १९९० मध्ये इराकने कुवेतवर आरोप केला, तोही हाच: रुमैला क्षेत्रात तिरक्या विहिरी घेऊन आमचं तेल चोरता. आरोप खरा की खोटा यावर वाद झाले. सैन्य मात्र हलायचं ते हललंच.

विदर्भातल्या कुणाही शेतकऱ्याला ही गोष्ट सांगा, तो हसेल. धुऱ्याला लागून विहीर असलेल्या माणसाने आडवा बोअर कुठल्या दिशेला मारला, यावरून इथे भाऊभाऊ बोलेनासे झालेत.

पूर्ण आडवी विहीर हा या तिरकेपणाचा शेवटचा टप्पा, आणि तो वाटतं त्याहून जुना आहे. १९२९ साली टेक्सासच्या टेक्सन इथे आडवी विहीर घेतल्याची नोंद आहे. १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या फ्रँकलिन भागात जाड तेल मिळवण्यासाठी तसाच प्रयत्न झाला. सोव्हिएत संघात अलेक्सांद्र ग्रिगोर्यान याने १९५३ साली बाश्कीर प्रदेशात एका विहिरीला खाली नऊ फाटे फोडले, झाडाच्या मुळांसारखे. काम जमलं, पण खर्च परवडला नाही. उभ्या विहिरींनी सहज निघणारं तेल मुबलक असताना इतक्या उठाठेवी कोण करणार? पुढची वीस-पंचवीस वर्षं ही कल्पना फाइलमध्ये पडून राहिली.

तिला बाहेर काढलं फ्रान्सच्या एल्फ आक्वितेन कंपनीने. १९८० मध्ये फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लॅक इथे आणि १९८२ मध्ये इटलीजवळच्या समुद्रात रोस्पो मारे इथे त्यांनी आडव्या विहिरी घेतल्या आणि त्या उभ्या विहिरींपेक्षा कितीतरी पट देतात हे दाखवून दिलं. तोपर्यंत दोन साधनं हाताशी आली होती. एक म्हणजे तळाची मोटर. यात वरून रॉड फिरवायची गरज राहत नाही. रॉडमधून दाबाने सोडलेला चिखलच, ज्याला या धंद्यात ‘मड’ म्हणतात, बिटामागची मोटर फिरवतो. मोटरला किंचित बाक दिलेला असतो, तो बाक ज्या दिशेला धरावा त्या दिशेला विहीर वळते. दुसरं साधन म्हणजे चालू कामात मोजणी. बिटामागचं उपकरण कल आणि दिशा मोजतं आणि ती माहिती त्याच मडमधून दाबाच्या ठोक्यांनी वर पाठवतं, नाडी लागावी तशी. आम्लाच्या बाटलीपासून या नाडीपर्यंत यायला पन्नासेक वर्षं लागली.

पोलादाचा रॉड काटकोनात वळतो कसा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तो काटकोनात वळत नाहीच. उभ्या विहिरीतून शेकडो मीटर लांबीची हळू कमान घेत तो आडवा होतो. दहा फुटांचा पाइप ताठ वाटतो, पण त्याच जाडीचा किलोमीटरभर लांब पाइप वेतासारखा लवतो.

महाराष्ट्राची या कथेतली जागा समुद्रात आहे, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर. खंभातच्या आखातापासून पश्चिम किनाऱ्याजवळ तेलाची शक्यता शोधताना सोव्हिएत सर्वेक्षण जहाज ‘अकादेमिक आर्खांगेल्स्की’ने १९६० च्या दशकात तिथला ‘बॉम्बे हाय’, म्हणजे आजचा ‘मुंबई हाय’, हा उंचवटा टिपला. पण एवढ्या खोल समुद्रात विहीर घ्यायला देशाकडे रिग नव्हती. ती जपानमध्ये मित्सुबिशीने हिरोशिमाला बांधली. तिचं नाव ‘सागर सम्राट’. पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्यावर उचलून धरणारी ही रिग १९७३ मध्ये आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. सागर सम्राटने ३१ जानेवारी १९७४ ला खोदाई सुरू केली. १९ फेब्रुवारीला तेल लागलं. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं, आधी जहाजांतून आणि १९७८ पासून समुद्रतळावरच्या पाइपलाइनने थेट उरणला. रिझर्व्ह बँकेने नव्हे, तर भारत सरकारने छापलेल्या एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर जी रिग आहे, ती हीच. आहेराच्या पाकिटात शंभरावर जी एकाची वरची नोट जाते, तिच्या मागे तेलाची विहीर आहे हे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही सहसा लक्षात येत नाही.

बॉम्बे हायला तिरकेपण पहिल्या दिवसापासून अटळ होतं. पंचाहत्तर मीटर पाण्यात पोलादी फलाट उभारणं हा मोठा खर्च असतो आणि प्रत्येक विहिरीसाठी वेगळा फलाट परवडत नाही. म्हणून एका फलाटावरून विहिरी छत्रीच्या काड्यांसारख्या चहूकडे पसरवल्या गेल्या. वरून बघावं तर पत्र्याचं एक बेट, खाली मैलमैल पसरलेली बोटं.

तेल आहे ते चुनखडकात, आणि हा चुनखडक सलग नाही. त्याचे थर आहेत, मध्ये शेलच्या पापुद्र्यासारख्या चिकण पट्ट्या. तेलाच्या वर वायू, खाली पाणी. समजा पुरणपोळी आहे: वरचा पापुद्रा वायूचा, खालचा पाण्याचा, मध्ये तेलाचं पुरण. सुई उभी टोचली तर तिला पुरण लागतं ते थोडंसंच, आणि जोरात ओढलं की वरचा वायू खाली आणि खालचं पाणी वर धावतं. विहिरीभोवती पाण्याचा शंकू उभा राहतो आणि तेलाऐवजी पाणीच येऊ लागतं. सुई पुरणाच्या थरात आडवी सरकवली तर लांबच लांब पुरण लागतं, ओढ मंद ठेवता येते आणि शंकू उशिरा चढतो.

ऐंशीच्या दशकात शिखरावर असताना बॉम्बे हाय दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल देत होतं. मग उतार लागला. विहिरींत पाणी वाढलं, वायूचा दाब गेला. २०००-०१ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने मुंबई हाय उत्तर आणि दक्षिण अशा दोन पुनर्विकास योजना हाती घेतल्या. त्यांत नव्या विहिरींबरोबर जुन्या विहिरींच्या पोटातून बाजूला फाटे काढण्याचं काम होतं, आडव्या विहिरी होत्या, एकाच खोडातून अनेक आडव्या फांद्या काढायच्या विहिरीही होत्या. जुनी विहीर बंद न करता तिच्या भिंतीतून आडवं जायचं, हा विचार उमरेड रोडवरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्याकडेही नवी विहीर खोदायला पैसा नसतो, म्हणून तो जुनीच्या भिंतीला भोक पाडतो.

एक मोठा फरक मात्र आहे. मुंबई हायच्या प्रत्येक फाट्याचा प्रत्येक टप्प्यावरचा कल, दिशा आणि खोली कागदावर असते. त्याशिवाय पुढचा फाटा घेता येत नाही, कारण तो आधीच्या विहिरीवर आपटला तर फलाटावरची सगळी माणसं धोक्यात येतात. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पाण्याखाली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय उत्तरच्या एका फलाटाला मदतीचं जहाज धडकलं, आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. तो अपघात आडव्या विहिरीचा नव्हता, पण अशा ठिकाणी एक चूक किती लांब जाते हे त्याने सांगितलं.

अमेरिकेत याच काळात आडव्या विहिरीने वेगळं वळण घेतलं. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेलच्या कंपनीने दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडायचं तंत्र पक्कं केलं होतं. २००२ मध्ये डेव्हन कंपनीने ती कंपनी घेतली आणि त्या तंत्राला आडव्या विहिरीची जोड दिली. २००८ मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख पिंपांवर असलेलं अमेरिकेचं तेल उत्पादन २०१९ मध्ये १ कोटी २० लाखांवर गेलं. हे यश खरं आहे. पण अशी विहीर सुरुवातीला धो धो देते आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने उतरते, मग पुढची विहीर घ्यावी लागते. आडवा बोअर तेल तयार करत नाही, असलेलं लवकर बाहेर काढतो. मुंबई हायलाही हे चुकलं नाही. आज तिथलं उत्पादन शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये ते सावरण्यासाठी दहा वर्षांकरता ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सेवेसाठी निवड झाली. वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर हजार फुटांच्या घरात गेले, तेव्हा तिथल्या बागायतदारांना हाच धडा वेगळ्या भाषेत मिळाला होता.

नागपुरात तेल नाही, पण तेलाचे कागद आहेत. सेमिनरी हिल्सवर पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय आहे. १८९८ मध्ये स्फोटकांसाठी सुरू झालेलं हे खातं आज देशभरच्या पेट्रोल पंपांपासून गॅसच्या टाक्यांपर्यंत सगळ्यांचे परवाने सांभाळतं. त्याच टेकडीवर १९७२ साली स्थापन झालेली, खनिजांच्या शोधासाठी बोअर घेणारी ‘एमईसीएल’ ही सरकारी कंपनी आहे. तिच्याकडे खडकाचे दंडगोल पेटीत क्रमाने मांडून ठेवतात, प्रत्येकावर खोली लिहिलेली. या धंद्यातल्या माणसाला बोअरची नोंद नसणं म्हणजे बोअर नसण्यासारखंच.

आणि आता आडवा बोअर शहरातच आलाय. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईहून नागपूरकडे गेलची गॅस पाइपलाइन टाकली गेली. अशा वाहिन्या नद्या, लोहमार्ग आणि मोठे रस्ते ओलांडताना जमीन उकरत नाहीत, खालून आडवं भोक पाडून पाइप ओढून घेतात. ही रीत तेलविहिरींच्या दिशादर्शक खोदाईतूनच आली. १९७१ मध्ये मार्टिन चेरिंग्टन याने कॅलिफोर्नियात पाहारो नदीखालून गॅसची वाहिनी अशी नेली, तिथून ती जगभर पसरली. नागपूर हे सिमेंट रस्त्यांचं शहर आहे. एकदा ओतलेला रस्ता केबलसाठी फोडायचा म्हणजे पैसा जातो आणि लोकांच्या शिव्या पडतात. त्यामुळे इथे रस्त्याकडेला तिरपं ठेवलेलं लहानसं यंत्र दिसणं नवीन राहिलेलं नाही. यंत्राजवळ एक जण रॉड जोडत असतो आणि त्याच्यापुढे दुसरा हातात खोक्यासारखं उपकरण धरून रस्त्यावरून पावलापावलाने चालत असतो. खालच्या बिटातून येणारा संदेश तो वाचतो: किती खोल, किती कल, कुठल्या बाजूला. मग खाली वाकून डांबरावर किंवा सिमेंटवर रंगाने फुली मारतो, शेजारी आकडा लिहितो आणि पुढे सरकतो. मलिक अंबरच्या कुंड्यांचंच काम ही फुली करते, फक्त ती पहिल्या पावसात धुतली जाते. महापालिकेने त्या फुल्या पुसल्या जाण्याआधी नकाशावर उतरवून घ्याव्यात, हे मागणं फार मोठं नाही. पुढचा रॉड त्याच जागी उतरणार असतो आणि वाटेत कुणाची तरी गॅसची वाहिनी असू शकते.

शेतात तर फुलीही नसते. पीकपाहणीत सातबाऱ्यावर विहीर लिहिली जाते, बोअरवेल लिहिली जाते. विहिरीच्या भिंतीतून निघून धुऱ्याखालून पलीकडे गेलेला आडवा बोअर सातबाऱ्यावर कुठेच येत नाही.